मिशावालं गोल सील

साहेब, तुम्ही वाचत नाही. आडवळण न घेता सांगतो. तुमच्या टेबलावर कागद येतो, तुम्ही त्याचा खालचा उजवा कोपरा बघता. तिथं जांभळं-निळं गोल काहीतरी दिसलं की कागद पुढं सरकतो, नाही दिसलं की माणूस मागं येतो. मधल्या ओळी कुणीतरी घाम गाळून लिहिलेल्या असतात, त्या तशाच कोऱ्या राहतात. अकरा वर्षं हा आरोप पोटात घेऊन हिंडतोय. आज पुराव्यासकट लिहून देतो.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खिचडी हलवत होतो. एस्टोनियात. युरोपच्या वरच्या कोपऱ्यातला एवढासा देश, आख्ख्या देशाची माणसं आपल्या नांदेड जिल्ह्यात बसवली तरी अर्ध्याहून जास्त जिल्हा रिकामा राहील. तुमच्याच खात्याच्या योजनेतून तिथल्या एका विद्यापीठात आम्ही दोघं गेलो होतो. मी प्रल्हाद हटकर, मुक्काम उदगीरजवळ, संगणकाचं शिकायला. आणि सगुणा मडावी, मुक्काम कुरखेड्याकडचं जंगल, दलदलीचं शिकायला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

ती मोबाईल हातात धरूनच आत आली.

"हटकरभाऊ, आपण पळून गेलो म्हणे."

"कुठं?"

"थे नाही लिवलं. पयले तुम्ही खिचडी उतरवा, करपून राह्यली."

मग तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण सदर विद्यापीठात प्रत्यक्ष हजर असल्याचे प्रमाणपत्र, संस्थेच्या गोल सीलसह, दिनांक ३१ ऑक्टोबरपर्यंत सादर करावे. अन्यथा आपण अभ्यासक्रम सोडून गेल्याचे गृहीत धरून आपली निवड रद्द करण्यात येईल व आपणांस परत बोलाविण्यात येईल.'

"परत बोलाविण्यात येईल," ती पुन्हा म्हणाली. "म्हणजे पळून गेलेला माणूस कुठं हाये हे यायले माहीत हाये."

मी हसलो. ती हसली नाही. आमचा तिथला राहण्याचा परवाना तुमच्या खात्याच्या पत्रावर लटकलेला होता. तुम्ही पत्र काढून घेतलं की तिथल्या सरकारनं आम्हाला विमानात बसवायचं, एवढा साधा हिशेब. आणि सगुणाच्या दलदलीत सात नळ्या उभ्या होत्या.

त्या नळ्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिकडं गावाबाहेर मैलोगणती दलदल. हजारो वर्षं कुजून साचलेला झाडपाल्याचा थर, वर शेवाळ, पाय ठेवला की गादीसारखा खाली जातो. त्यात पाणी किती खाली गेलं म्हणजे तो थर पेट घेण्याइतका वाळतो, हे सगुणाला शोधायचं होतं. त्यासाठी तिनं स्वतः सात नळ्या गाडल्या होत्या. दर शनिवारी जायचं, सातही नळ्यांत मोजपट्टी सोडायची, आकडा वहीत उतरवायचा. वर्षभर, एकही शनिवार न चुकता. चुकला की मोजणी तुटली.

आमचे शनिवार वेगळे होते. आमचे म्हणजे माझे आणि निमिषचे. निमिष पुण्याचा, बापाच्या खिशातून शिकायला आलेला, आणि देश जमवायचा. लहानपणी आपण काडेपेटीचे छाप जमवायचो तसे. शुक्रवारी बस पकडायची, शनिवारी एखाद्या राजधानीत चर्चसमोर हात पसरून फोटो काढायचा, रविवारी परत. "हा माझा चौदावा," असं तो जेवताना सांगायचा, जणू चौदावं अपत्य. त्याच्या नादानं मीही पाच देश केले. त्या पाच देशांबद्दल मला विचाराल तर पाचही बसस्थानकांची स्वच्छतागृहं मी तुम्हाला डोळे मिटून दाखवू शकतो. बाकी फोटोत आहे. फोटो उदगीरला जायचे, माझा मामा ते वाचनालयात नेऊन दाखवायचा. "आमचा प्रल्हाद युरोप पालथा घालतोय."

असो. सील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कास्कबाईंकडं गेलो. सगुणाच्या प्राध्यापक, साठीच्या, केस पांढरे, पायात कायम चिखलाचे बूट. आमचं म्हणणं ऐकून त्यांनी मला दोनदा विचारलं, "गोल काय?"

"सील. शिक्का. संस्थेचा."

"आमच्याकडं शिक्का नाही. या देशानं शिक्के सोडून दिले. आम्ही संगणकावर सही करतो, ती कायद्यानं पक्की असते."

"मॅडम, ती सही छापल्यावर दिसत नाही," मी म्हणालो. "आमच्या साहेबांना दिसलं पाहिजे."

बाईंनी तरी सगळे खण उपसले. एका डब्यात एक शिक्का सापडला, आम्ही दोघं उठूनच उभे राहिलो. त्यांनी तो कागदावर दाबला. 'नाजूक, जपून हाताळा' असं उमटलं. तेही चौकोनात.

मग त्यांना एक युक्ती सुचली. साधी, अडाणी, परदेशी युक्ती. "त्यांना तुम्ही इथं आहात हेच हवंय ना? मग त्यांना दाखवू या." त्यांनी संगणकावरून तुमच्या कार्यालयाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. साहेब, तो तुम्ही घेतला होता. आठवतं का? तुमच्या मागं कपाटावर फायलींचे गठ्ठे होते आणि तुम्ही पेरू खात होता.

"नमस्कार साहेब," सगुणा म्हणाली. "मी सगुणा मडावी. मी हजर हाओ."

"हां, दिसताय मॅडम."

"या माझ्या प्राध्यापक. हा बोर्ड, विद्यापीठाचं नाव हाये त्याच्यावर. हे खिडकीभायेर विद्यापीठ. झालं का जी?"

"दिसतंय हो. मला दिसून काय उपयोग? फायलीला दिसलं पाहिजे."

"मंग फायलीले उचलून धरा न क्यामेऱ्यासमोर."

तुम्ही पेरू खाली ठेवला. "चेष्टा नको मॅडम. उद्या ऑडिटला मी काय दाखवू? की बाई मला हसून बोलल्या? तुम्ही हजर आहात हे तुम्ही सांगून चालत नाही. हजर माणसाच्या सांगण्याला काय अर्थ आहे? संस्थेनं सांगितलं पाहिजे. गोल सील मारून."

कास्कबाईंना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "म्हणजे त्यांनी हिला पाहिलं, आणि तरी ही इथं नाही?"

"हो."

"हे तत्त्वज्ञानाच्या विभागाला कळवायला हवं," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना पत्रं करून दिली. माझं पत्र दोन ओळींचं, कारण मी त्यांचा विद्यार्थीच नव्हतो, माझ्या विभागाच्या वतीनं दिलेलं. सगुणाचं पत्र पानभर. खाली पेनानं सही, आणि सहीखाली हातानं लिहिलेली एक ओळ, इंग्रजीत. तिचा अर्थ असा: 'ही मुलगी इथं आहे. दर शनिवारी ती दलदलीत असते, मी नको म्हणते त्या शनिवारीही.'

ही ओळ लक्षात ठेवा साहेब. तुमच्याकडं आहे ती.

पुढचे आठ दिवस आम्ही शिक्का हुडकत होतो. पोस्टात गेलो, तिथं गोल शिक्का होता, पण तो टपालावरच मारतात. ग्रंथालयात यंत्रं. दवाखान्यात यंत्रं. एका चर्चच्या पाद्रीबाबाकडं होता म्हणे, तर तो म्हणाला, बाप्तिस्मा घ्यावा लागेल. सगुणा म्हणाली, "घेतला असता जी, पण मंग जातीचा दाखला नवा काढा लागते, त्याच्यावर पुन्हा सील."

त्यात निमिषचा फतवा निघाला. या शनिवारी बेट. हंगामाचा शेवटचा शनिवार, फेरीबोट, जुनं दीपगृह, त्याच्यानंतर सगळं मेपर्यंत बंद. सगुणाला मी विचारलं, येता का. ती बूट घासत बसली होती.

"शनिवार हाये न भाऊ. माह्या नळ्या कोण पाहीन, निमिष?" मग तिनं उशीखालून तिचं पत्र काढलं आणि माझ्या प्लास्टिकच्या फोल्डरात माझ्या पत्राला चिकटून सरकवलं. "चाललेच हाये तर हेही घेऊन जा. कुठी गोल दिसलं की मारून आणा. लग्नपत्रिकेवरचा गणपती असंन तरी चालीन."

"गंमत करताय."

"गंमत कायची? मले राह्याचं हाये इथं."

बेटावर वारा असा की निमिषची टोपी पहिल्या दहा मिनिटांत समुद्राला गेली. फोटो टोपीचे ठरवलेले होते, त्यामुळं त्याचा दिवस तिथंच नासला. दीपगृहाच्या एकशे एकोणीस पायऱ्या चढून आम्ही वर गेलो, खाली बघितलं, "वॉव" म्हणालो, खाली उतरलो. निमिष टोपी विकत मिळते का बघायला धक्क्याकडं गेला. मी खालच्या खोलीत थांबलो. तिथं हेल्गी नावाची म्हातारी तिकिटं द्यायची. तिच्यासमोर चारपाच पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात छोटी वही. आणि म्हातारी एकेका वहीवर दाणकन शिक्का मारत होती.

गोल.

मी रांगेत उभा राहिलो. सव्वीस वर्षांचा घोडा, पुढं साताठ वर्षांची पोरं. जवळ गेल्यावर शिक्का नीट दिसला. जांभळी शाई, दोन गोल कडी, मधल्या पट्टीत एस्टोनियन अक्षरं, आणि मधोमध एक सील. प्राणी, साहेब. समुद्रातला. खडकावर पोट टेकून बसलेला, गुबगुबीत, दोन्हीकडं तीन-तीन मिशा. त्या किनाऱ्यावर हे सील फार.

"काय लिहिलंय यावर?" मी विचारलं.

"'मी स्वतः वर चढलो.' जी मुलं उचलून न घेता वर जातात त्यांना देते. तू स्वतः चढलास?"

"चढलो."

"मग आण वही."

मी फोल्डर उघडून माझं पत्र पुढं केलं. तिनं विद्यापीठाचं नाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हे पत्र आहे."

"माझ्या देशात एक साहेब आहेत. त्यांना मी वर चढलोय याची खात्री पटत नाही."

म्हातारी एवढी हसली की तिला खोकला लागला. मग तिनं शाईच्या डबीत शिक्का दोनदा दाबला, पत्र सरळ केलं, जागा निवडली. खालचा उजवा कोपरा. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मारला. असा स्वच्छ उठला की मिशा मोजून घ्याव्यात.

तिनं शिक्का हातातच ठेवला होता. फोल्डरातून दुसऱ्या कागदाची कड दिसत होती. तिनं मानेनं खूण केली.

"आणखी एक मूल आहे?"

"नाही," मी म्हणालो. "एकच."

तिनं शिक्का लाकडी पेटीत ठेवला, पेटीला कडी घातली. चार वाजता दीपगृह बंद झालं, मेपर्यंत.

रविवारी संध्याकाळी सगुणानं विचारलं, "मिळालं काही?"

"कुठलं काय," मी म्हणालो आणि तिचं पत्र तिला परत दिलं.

सोमवारी मी माझं पत्र स्कॅन करून तुम्हाला पाठवलं. सगुणानं तिचं पाठवलं, सोबत दीड पानांचा अर्ज, देशात शिक्के का नाहीत त्याचा खुलासा, तिथल्या कायद्याचं कलम, आणि चिखलात उभं राहून काढलेला सातव्या नळीजवळचा फोटो. चार दिवसांत तुमची दोन उत्तरं आली. माझं: 'आपले प्रमाणपत्र योग्य सीलसह प्राप्त झाले. नोंद घेण्यात आली आहे.' तिचं: 'सील नसल्याने आपले प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही.'

योग्य सील. हा तुमचा शब्द आहे, माझा नाही. गोल सील मागितलंत, गोल सील पाठवला, आणि तो तुम्हाला योग्य वाटला. मिशांसकट.

सगुणानं अजून दोन अर्ज केले. कास्कबाईंनी तुमच्या वरच्या साहेबांना लिहिलं. वरच्या साहेबांनी ते खाली पाठवलं, म्हणजे पुन्हा तुम्हालाच. एकतीस तारीख गेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. संगणकीय सहीचं. ते मात्र सगळ्यांनी ताबडतोब ग्राह्य धरलं.

बसस्थानकावर तिला सोडायला मी आणि कास्कबाई. निमिष आला नाही, त्याचा देश होता. बाई तिला मिठी मारून लांब जाऊन उभ्या राहिल्या, रडताना कुणी बघितलेलं त्यांना चालत नसावं. सगुणानं चिखलाच्या बुटांची पिशवी माझ्या हातात दिली.

"तुमाले दोन नंबर लहान होतीन. मोठे मोजे घालू नोका. वही कास्कबाईपाशी हाये. शनिवारी तेवढं पाहून घ्या."

"बघतो ताई. काळजी करू नका."

बसचं दार उघडलं. ती एक पायरी चढली आणि वळली.

"सील छान हाये तुमचा."

मी बुटांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही स्कॅन केलं, कागद मशिनीतच इसरले. त्याच्यावर माहं पत्र ठिवाले गेली तं खाली हा बसलेला. मिशा गिशा."

"ताई, मी तुम्हाला सांगणारच होतो. पण दोघांचं एकाच टेबलावर गेलं असतं, दोन सारखे सील... एखाद्यानं नीट बघितलं असतं तर दोघंही..."

"कोनं पाह्यलं असतं?"

मी बसच्या पाटीकडं बघितलं.

"कोनं पाह्यलं असतं जी? पाहनारा असता तं माहं पत्र वाचलं नसतं काय त्यानं?" आवाज चढलेला नव्हता. दलदलीत पाऊल टाकताना ती जशी आधी दाबून बघायची तसा एकेक शब्द येत होता. "आन् मी हो म्हटलं असतं का नाही, मले माहीत नाही. म्हटलं असतं असंन. पण माह्या वतीनं तुम्हीच 'नाही' म्हणून आले न."

हेल्गीचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही. 'नाही' हा शब्द तिनं कुठून उचलला, मला माहीत नाही.

बस गेली.

पहिल्या शनिवारी मी बूट घालून दलदलीत गेलो. बूट चावत होते. सातही नळ्या मोजल्या, आकडे लिहिले. दुसऱ्या शनिवारी पाच मोजल्या, दोन सापडल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी निमिषनं रिगाची तिकिटं काढली होती. रिगा छान आहे. फोटो आहे माझ्याकडं, चर्चसमोर, हात पसरून.

मोजणी तुटली. वही कास्कबाईंच्या कपाटात राहिली.

मी पदवी घेऊन आलो. स्वागताला तुमच्याच खात्याचा कार्यक्रम झाला, शाल मिळाली, तुम्ही व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत होता. "अशी मुलं परदेशात आपलं नाव काढतात," असं भाषणात कुणीतरी म्हणालं. सगुणा कुरखेड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवते. उन्हाळ्यात तिच्याकडचं जंगल पेटतं, दरवर्षी. ती विझवायला जाते म्हणे, पोरांना घेऊन, झाडाच्या फांद्या घेऊन. आग कधी लागेल हे आधी सांगता यावं म्हणून ती एवढ्या लांब गेली होती, हे तिच्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात होतं. तोही तुमच्याकडं आहे.

गेल्या वर्षी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती आणि त्यांवरचे शेरे मागितले. तुमचं उत्तर आलं: 'दोन्ही प्रकरणी नियमानुसार कार्यवाही झाल्याचे अभिलेखावरून दिसून येते.' खाली गोल सील होतं. त्यावरची अक्षरं वाचायचा मी प्रयत्न केला. शाई पसरली होती, काही लागलं नाही. काय की, 'मी स्वतः वर चढलो' असंही असेल.

साहेब, मी काय केलं ते वर लिहून दिलंय. पेटी उघडी होती, म्हातारीच्या हातात शिक्का होता, सगुणाचा कागद माझ्याकडं होता, आणि मी 'एकच' म्हणालो. त्यावर माझी सही आहे, नाव-पत्त्यासकट. आता पाळी तुमची.

फाईल काढा. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. एकावर दोन ओळी आणि मिशावाला सील. दुसऱ्यावर पानभर मजकूर आणि पेनानं लिहिलेली एक ओळ. कोपरा बघू नका. वरून सुरुवात करा, शेवटपर्यंत या. आणि मग सांगा, त्या शनिवारी त्या देशात खरं हजर कोण होतं?

तोंडी नको. लेखी द्या. आणि सील मारू नका. हातानं लिहा.